उशिरा बोलणाऱ्या मुलाने कोणत्या शाळेत जावे?

प्रति,
मा. मुख्य कार्यकारी अधिकारी,
जिल्हा परिषद, यवतमाळ

विषय : भाषाविकार असलेल्या लहान मुलांच्या शाळाप्रवेशाबाबत

महोदय,



विदर्भातल्या शाळा उन्हामुळे जूनच्या अखेरीस उघडतात. त्याआधीचे दोन-अडीच महिने जिल्ह्यातल्या सोळाही तालुक्यांत काही आईबाप या शाळेतून त्या शाळेत हेलपाटे घालत असतात. त्यांचे मूल ऐकते, पाहते, खेळते, घरातले बारीकसारीक ओळखते. फक्त वयाच्या मानाने बोलत नाही, आणि दुसऱ्याने बोललेले सगळे त्याला उमगतेच असेही नाही. अशा मुलाला कुठे घालावे हे त्यांना सांगणारे कोणी भेटत नाही. मीही त्यांच्यातलीच, पांढरकवड्याची.

आपल्यालाच उद्देशून लिहिण्याचे कारण साधे आहे. या मुलाचा संबंध अंगणवाडीशी येतो, प्राथमिक शाळेशी येतो, प्राथमिक आरोग्य केंद्राशी येतो आणि समाजकल्याण विभागाशीही येतो. चार ठिकाणी चार नोंदी होतात आणि एकीचा दुसरीला पत्ता नसतो. या चारही खात्यांना एका टेबलाशी बसवू शकेल असे पद जिल्हा परिषदेत एकच आहे, आणि ते आपले आहे.

आधी ही मुले कशी असतात ते सांगते, कारण ती पटकन ओळखू येत नाहीत. माझा मुलगा सहा वर्षांचा आहे. जिनिंगला जाणाऱ्या कापसाच्या गाड्या, शेजारच्या बैलांची नावे, कोणत्या ट्रकला किती चाके, हे सगळे त्याला ठाऊक. पण दादाने पोळी खाल्ली हे सांगायचे तर तो "दादा पोळी खाल्ला" म्हणतो. 'काल' आणि 'उद्या' यांची गल्लत करतो. अंगणात काय घडले ते क्रमाने सांगता येत नाही, म्हणून अर्ध्यावर सोडून आपल्या खेळाकडे वळतो. "चप्पल काढ, हात धू आणि डबा ओट्यावर ठेव" असे एका दमात सांगितले, तर चप्पल काढून तिथेच उभा राहतो. पाहणाऱ्याला वाटते, पोरगं हट्टी आहे. हट्ट नसतो तो. पहिले वाक्य पचेपर्यंत पुढची दोन निघून गेलेली असतात. हेच मूल अंगणवाडीतले बडबडगीत मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत हातवारे करून म्हणते. मग सगळे म्हणतात, येते की याला बोलता, आळस करतो. पाठ झालेले म्हणणे आणि मनातले सांगणे ही दोन वेगळी कामे आहेत. याचे अडते ते दुसऱ्यापाशी.

तज्ज्ञ याला विकासात्मक भाषाविकार म्हणतात. पूर्वी एकाच त्रासाला ज्याची त्याची नावे होती. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ डोरोथी बिशप यांच्या पुढाकाराने काही देशांतल्या तज्ज्ञांनी २०१७ मध्ये हे एक नाव ठरवले. ऐकणे ठीक, स्वमग्नता नाही, बुद्धीची मोठी अडचण नाही, मेंदूला इजा नाही, तरीही भाषा मागे राहते आणि ती आपोआप भरून निघत नाही, तेव्हा हे नाव लागते. इंग्लंडमध्ये शाळेत नुकत्याच आलेल्या मुलांच्या २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीत हे प्रमाण सुमारे साडेसात टक्के निघाले, म्हणजे तीस मुलांच्या वर्गात दोन. आपल्याकडे ते निम्मे धरले, तरी जिल्ह्यातल्या प्रत्येक मोठ्या शाळेत असे मूल बसलेले आहे.

आणि त्याच्या आईला रोज ऐकावे लागते. बाप उशिरा बोलला होता, हाही बोलेल. वेखंड उगाळून जिभेला लावा. जीभ चिकटलेली असेल, कापून घ्या. तू त्याच्याशी बोलतच नसशील. घरात दोन-दोन भाषा, म्हणून पोर गोंधळले. यातले शेवटचे दोन आरोप विशेष लागतात आणि दोन्ही खोटे आहेत. आई कमी बोलते म्हणून हा विकार होत नाही. त्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो. दोन भाषा कानावर पडल्यानेही तो होत नाही. घरात कोणी उशिरा बोलले असेल, तर ती निश्चिंत राहण्याची नव्हे, लवकर तपासणी करून घेण्याची गोष्ट आहे. पहिली पायरी कानाची तपासणी. कान ठीक निघाले की दुसरी पायरी वाचा-भाषा तज्ज्ञ, ज्यांना आपण स्पीच थेरपिस्ट म्हणतो.

आता शाळेकडे येते. पालकापुढे तीन वाटा असतात.

पहिली वाट विशेष शाळेची. मूल बोलत नाही म्हटले की चार जण मूकबधिर विद्यालयाचे नाव सुचवतात आणि पाचवा मतिमंद मुलांच्या शाळेचे. त्या शाळा आपापल्या मुलांसाठी फार मोलाचे काम करतात. पण ज्याला स्वच्छ ऐकू येते त्याची जागा मूकबधिर विद्यालयात नाही, आणि ज्याची समज वयाएवढी आहे त्याची जागा दुसऱ्या शाळेतही नाही. या मुलाला सर्वांत जास्त गरज असते ती घडाघडा बोलणाऱ्या समवयस्क मुलांची. नेमकी तीच तिथे मिळत नाहीत.

दुसरी वाट तालुक्याच्या गावातल्या इंग्रजी शाळेची. दारात बस येते, गळ्यात टाय येतो, आणि नातेवाइकांत आपले मूल मागे नाही असे दाखवता येते. मोह मलाही झाला. पण ज्या मुलाची पहिल्या भाषेवरची पकड सैल आहे, त्याने वाचन, गणित आणि वर्गातल्या सूचना घरात कोणीच बोलत नाही अशा भाषेत झेलायच्या आणि संध्याकाळी त्यात आईला काही मदतही करता येऊ नये, हा हिशेब जमत नाही. शिवाय दारातच अडवणूक होते. एका शाळेत मुलाला नाव, रंग आणि फळे इंग्रजीतून विचारली. तो गप्प राहिला. "पुढच्या वर्षी आणा" असे सांगून आम्हाला वाटेला लावले. पहिलीच्या प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकाची कसलीही चाचणी वा मुलाखत घ्यायला शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १३ ने बंदी आहे. पहिल्या वेळी पंचवीस हजारांपर्यंत आणि पुढे दर वेळी पन्नास हजारांपर्यंत दंडाची तरतूद आहे. हे कलम शाळेच्या फाटकावर लिहिलेले असते तर किती बरे झाले असते.

तिसरी वाट घराजवळच्या जिल्हा परिषद शाळेची. माझे म्हणणे एवढेच आहे, की यवतमाळ जिल्ह्यातल्या अशा बहुतेक मुलांसाठी हीच वाट बरोबर आहे, आणि ती चालण्याजोगी करणे आपल्या हातात आहे. घरची भाषा, पायी जाता येईल एवढे अंतर, गल्लीतलीच मुले आणि आईला ओळखणारी बाई, एवढे भांडवल दुसऱ्या कोणत्याही शाळेकडे नाही. शिक्षण हक्क कायद्याचे कलम २९ सुद्धा सांगते, की शक्य तेथवर शिक्षण मुलाच्या मातृभाषेतून द्यावे. उणीव आहे ती या मुलाला ओळखण्याची आणि ओळखल्यावर काय करायचे ते ठाऊक असण्याची.

ओळखण्याचे काम आपल्या जिल्ह्यात इतरांपेक्षा अवघड आहे, हे आपणही जाणता. पुसद, दिग्रस, दारव्ह्याकडच्या तांड्यांवरून येणारे मूल घरी बंजारा बोलते. झरी, मारेगाव, केळापूर, घाटंजीच्या पोडांवरून, म्हणजे आदिवासी वस्त्यांवरून, येणारे मूल कोलामी बोलते, कुठे गोंडी. ते पहिलीत महिना-दोन महिने गप्प बसते, कारण बाईंची मराठी त्याला परकी असते. त्याला विकार नाही. डोळ्याला 'डोया' आणि पोळीला 'पोयी' म्हणणाऱ्या मुलालाही विकार नाही. ते आपली वऱ्हाडी बोलते. आणि या सगळ्यांत एखादे मूल असे असते, जे घरी आजीशी कोलामीतही अडखळते, ज्याला आजीच्या दोन सूचना एकदम कळत नाहीत. विकार असतो तो मुलाच्या सगळ्याच भाषांत दिसतो, एकट्या मराठीत नाही. म्हणून तपासणीचा पहिला प्रश्न घरी विचारायला हवा : याच वयाच्या याच्या भावंडांसारखा हा तुमच्या बोलीत बोलतो का? पोडावरची अंगणवाडी सेविका हा प्रश्न पाच मिनिटांत विचारू शकते. तो विचारला नाही तर दोन्हीकडून चूक होते. निरोगी कोलाम मूल मंद ठरते, आणि ज्याला खरोखर मदत हवी ते "आदिवासी आहे, शिकेल हळूहळू" म्हणून सुटते.

कायद्यातही हे मूल फटीत पडते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने दिव्यांगत्वाचे एकवीस प्रकार मानले. त्यात वाचा व भाषा दिव्यांगत्व आहे. पण त्याची व्याख्या स्वरयंत्र काढून टाकणे किंवा मेंदूच्या आघाताने वाचा जाणे अशा कारणांनी आलेल्या कायमच्या दिव्यांगत्वाची आहे. ज्याच्या तपासणीत काहीच दिसत नाही अशा सहा वर्षांच्या मुलाला ती लागू करताना डॉक्टरही अडतात. शिकण्यातल्या विशिष्ट अक्षमतेचे प्रमाणपत्र मागावे, तर २०१८ च्या केंद्राच्या सूचनांनी त्यासाठी वयाची आठ वर्षे पूर्ण असण्याची अट घातली. म्हणजे पहिली आणि दुसरी, जिथे पाया घातला जातो, ती दोन्ही वर्षे कागदाविना जातात. कागद नाही म्हणून शिक्षण हक्काच्या पंचवीस टक्के राखीव प्रवेशात दिव्यांग म्हणून जागा नाही, एसटीत दिव्यांगांची सवलत नाही, शाळेच्या दिव्यांग विद्यार्थ्यांच्या यादीत नाव नाही.

पण तोच दिव्यांग हक्क कायदा नीट वाचला तर आपले हात बांधलेले नाहीत. चाळीस टक्के दिव्यांगत्वाची अट काही लाभांपुरती आहे. शाळेने प्रवेश नाकारू नये, मुलाच्या गरजेप्रमाणे सोयी द्याव्यात, शिकण्यातल्या अडचणी लवकर ओळखून उपाय करावेत, हे सांगणाऱ्या कलम १६ मध्ये टक्क्यांचा उल्लेख नाही. कलम १७ तर दर पाच वर्षांनी शाळकरी मुलांची पाहणी करून अशी मुले शोधायला सांगते. मुलाला पहिल्या बाकावर बसवायला, सूचना तोडून सांगायला आणि तोंडी उत्तराऐवजी चित्रावर बोट ठेवू द्यायला कोणत्याही बाईंना वैद्यकीय मंडळाचा शिक्का लागत नाही.

यंत्रणा नव्याने उभारावी लागेल असेही नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्याच राज्यात पालघरहून देशभर सुरू झाला. त्याची पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा मुले तपासतात, आणि त्यांच्या तीस आजारांच्या यादीत भाषेचा विलंब स्पष्ट लिहिलेला आहे. त्याहून जवळची गोष्ट म्हणजे 'पहिले पाऊल'. २०२२ पासून पहिलीत येणाऱ्या मुलांसाठी जिल्हा परिषदेच्या शाळांत शाळापूर्व तयारी मेळावा भरतो, एक एप्रिलात आणि एक जूनमध्ये. शाळेच्या व्हरांड्यात टेबले मांडतात, आंब्याची पाने बांधतात, मुलाच्या हातात विकासपत्र देतात आणि ते एकेका टेबलावर जाते. त्यातले एक टेबल भाषा विकासाचे असते. ताई चित्र दाखवून विचारते, यात काय काय दिसते, गोष्ट सांग. एक मूल घडाघडा बोलते. दुसरे "गाय" एवढेच म्हणून ताईकडे पाहत राहते. दोघांच्याही पत्रावर खूण होते, टाळ्या वाजतात, फुगा मिळतो, फोटो निघतो. त्या दुसऱ्या मुलाच्या पत्राचे पुढे काय होते? माझ्या अनुभवात ते घरी कपाटात पडून राहते. एप्रिल ते जून हे जवळपास दोन महिने हातात असताना ते पत्र आरोग्य केंद्राकडे आणि केंद्रप्रमुखांकडे गेले, तर शाळा उघडायच्या आत कान तपासून होतील आणि पहिलीच्या बाईंना मूल ठाऊक होईल.

मग प्रश्न उरतो शिकवणाऱ्याचा. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये प्राथमिक स्तरावर विशेष गरजांच्या दहा मुलांमागे एक विशेष शिक्षक असावा असे ठरवून दिले, आणि मार्च २०२५ मध्ये राज्यांना पदे जाहीर करून भरायला पुन्हा बजावले. महाराष्ट्राने २०२४ मध्ये शाळांच्या केंद्रागणिक एक याप्रमाणे ४,८६० विशेष शिक्षकांची पदे मंजूर केली. पालकाला मात्र साधी गोष्ट हवी असते : आमच्या केंद्राचे विशेष शिक्षक कोण, आणि ते आमच्या शाळेत कोणत्या वारी येतात? हे शाळेच्या दर्शनी फलकावर लिहिता येईल. वार लिहिला की त्या वारी यावे लागते.

स्पीच थेरपीचे दुखणे अंतराचे आहे. वणीच्या माणसाला यवतमाळपेक्षा चंद्रपूर जवळ, उमरखेडच्या माणसाला नांदेड जवळ, आम्हाला आदिलाबाद जवळ. पण तिथे भाषा तेलुगू. एसटीत आईला अर्धे तिकीट आणि मुलाला अर्धे तिकीट, तरी दिवसाची मजुरी बुडतेच. कापूस वेचणीच्या दिवसांत दर आठवड्याला कोणती आई जाईल? म्हणून थेरपी सुरू होते आणि दिवाळीपर्यंत सुटते. यावर उपाय म्हणजे तज्ज्ञाने तालुक्याला येणे. महिन्यातून दोन दिवस पंचायत समितीच्या गट साधन केंद्रात वाचा-भाषा तज्ज्ञ बसले आणि त्यांनी आईला व बाईंना घरी-वर्गात काय करायचे ते दाखवून दिले, तर मधले दिवस त्या दोघी निभावतील. स्वउत्पन्नातला पाच टक्के दिव्यांग निधी नियमाप्रमाणे यासाठी वापरता येतो का, हे आपल्या लेखा विभागाने एकदा पाहावे.

दोन धोरणांबद्दलही लिहायलाच हवे, कारण ती वरून येतात आणि आमच्या मुलांवर पडतात. २०२३ मध्ये कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचा विचार पुढे आला. अठरा मुलांची शाळा हिशेबात महाग दिसते. उशिरा बोलणाऱ्या मुलासाठी तीच सर्वांत चांगली शाळा असते. तिथे बाईंना त्याच्या उत्तरासाठी दहा सेकंद थांबायला सवड असते. दुसरे, एप्रिल २०२५ मध्ये पहिलीपासून तिसरी भाषा आणण्याचा शासन निर्णय झाला आणि जूनअखेर तो मागे घेतला गेला. त्या गदारोळात अस्मितेवर खूप बोलले गेले. २००० सालापासून पहिलीत इंग्रजी आहेच. त्यावर आणखी एक भाषा आली तर पहिलीच भाषा न सावरलेल्या मुलाचे काय, हा प्रश्न फारसा कोणी विचारला नाही. पुढे कधी हा विषय निघाला तर जिल्ह्याने आपल्या अभिप्रायात तो लिहावा.

पालकांनाही या पत्रातून दोन गोष्टी सांगते. शाळा पाहायला जाल तेव्हा इमारत आणि निकाल बाजूला ठेवा. अर्धा तास पहिलीच्या वर्गाबाहेर उभे राहा. बाई एका वेळी एकच गोष्ट सांगतात का? सांगताना वस्तू किंवा चित्र दाखवतात का? उत्तर येईपर्यंत थांबतात, की लगेच शेजारच्याला विचारतात? चुकीचे बोललेले वाक्य हसून सोडून देतात, रागावतात, की तेच बरोबर करून सहज म्हणून दाखवतात? पोर "दादा पोळी खाल्ला" म्हणाले आणि बाई म्हणाल्या, "हो का, दादाने पोळी खाल्ली? तू काय खाल्ले?" तर ती शाळा सोडू नका, मग तिचे छत पत्र्याचे का असेना. आणि मुलाची अडचण लपवू नका. नाव वाईट होईल या भीतीने आपण गप्प राहतो आणि बाई त्याला ढ समजून बसतात.

महोदय, आपल्याकडे मागण्या चारच आहेत.

१. एप्रिलच्या मेळाव्यात भाषेच्या टेबलावर मागे राहिलेल्या प्रत्येक मुलाची घरच्या भाषेतही विचारपूस व्हावी, आणि त्याचे नाव आठवडाभरात आरोग्य केंद्र व केंद्रप्रमुखांकडे जावे. जूनच्या मेळाव्याआधी कानाची तपासणी पूर्ण व्हावी.

२. विशेष शिक्षकांचे नाव आणि भेटीचा वार प्रत्येक शाळेच्या फलकावर लिहावा. तिथेच कलम १३ चा मजकूरही असावा.

३. प्रमाणपत्र नसले तरी वर्गातल्या साध्या सोयी द्याव्यात, असे लेखी परिपत्रक सर्व मुख्याध्यापकांना जावे, आणि पहिली-दुसरीच्या शिक्षकांच्या केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत वर्षातून एकदा हा विषय ठेवावा.

४. तालुक्याच्या गट साधन केंद्रात महिन्यातून दोनदा वाचा-भाषा तज्ज्ञ उपलब्ध व्हावेत. सुरुवात यवतमाळपासून सर्वांत दूरच्या झरी जामणी, वणी आणि उमरखेडपासून व्हावी.

यातल्या पहिल्या तीन गोष्टींना जवळपास पैसा लागत नाही. आपल्या सहीचे एक परिपत्रक पुरेल. ते येत्या मेळाव्याच्या आधी निघावे, ही आग्रहाची विनंती. उशिरा निघाले तर आणखी एका वर्षाची मुले मागच्या बाकावर जाऊन बसतील.

आपली,
पांढरकवड्याची एक पालक